शनिवारचा डाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या खेळांच्या दुकानात दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते रात्री दहा पटावरचे खेळ मांडले जातात आणि शुक्रवारी पत्त्यांची बैठक असते. काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. कतान या खेळाबद्दलची उत्तरं बरीच लांबली आहेत, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

एकट्याने आलं तर चालतं का? ओळखीचं कुणीच नाही.

चालतं. बरेच जण एकटेच येतात. सहा वाजेपर्यंत जे येतील त्यांची नावं फळ्यावर लिहितो आणि चार-चार जणांची टेबलं लावतो. प्रत्येक टेबलावर तो खेळ नीट येणारा एक जण असतोच. डाव अडला की तो सोडवायचा, ही त्याची जबाबदारी. दोन मित्र किंवा नवरा-बायको पहिल्यांदा आले असतील तर त्यांना एकत्र बसवतो, पुढच्या वेळेपासून शक्यतो वेगळं. घरची माणसं एकमेकांशीच सौदे करत बसतात आणि टेबलावरच्या उरलेल्या दोघांना काही करायला उरत नाही.

सहानंतर आलात तर चालू डावात मध्येच घेता येत नाही. तोवर अझुल किंवा स्प्लेंडर यांसारखा अर्ध्या-पाऊण तासात आटपणारा खेळ काढून देतो.

मुलींना एकटीने यायला कसं आहे?

नियमित येणाऱ्यांमध्ये मुली आणि बायका भरपूर आहेत, काही जणी टेबलही चालवतात. कुणाचं बोलणं किंवा वागणं खटकलं तर काउंटरवर सांगा, टेबल लगेच बदलून देतो. ज्याच्याबद्दल तक्रार आली त्याच्याशी आम्ही स्वतः बोलतो, ते काम तुमच्या गळ्यात पडत नाही. परत तसंच झालं तर त्या माणसाला पुढे प्रवेश नसतो.

नियम अजिबात येत नाहीत. आधी व्हिडिओ बघून यावं का?

गरज नाही. बघितलात तर हरकत नाही, पण व्हिडिओत नियम एकामागून एक धडाधड येतात आणि टेबलावर बसेपर्यंत निम्मे विसरतात. आम्ही आधी खेळ जिंकायचा कसा ते सांगतो, मग आपली पाळी आली की काय काय करता येतं ते, आणि शेवटी डाव कधी संपतो ते. बाकीचे बारकावे जसजसे समोर येतील तसे. पहिल्या दोन फेऱ्या पत्ते उघडे ठेवून खेळतो, म्हणजे शेजारचा माणूस तुमच्या हातातले पत्ते बघून सांगू शकतो. समजलं नाही तर पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा विचारलंत तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

दर शनिवारी नवा खेळ का नसतो? कपाटात तर इतके खेळ दिसतात.

आम्ही महिन्याला एक खेळ ठरवतो आणि महिनाभर निदान दोन टेबलांवर तोच मांडतो. बाकीच्या टेबलांवर तुम्हाला हवं ते खेळा. यावरून आमच्यात पुष्कळ वाद झाले आहेत आणि माझं मत अजून तेच आहे: डावपेच शिकायचे असतील तर तोच खेळ, शक्यतो त्याच माणसांबरोबर, लागोपाठ चार आठवडे खेळायला हवा.

पहिल्या डावात सगळं लक्ष नियमांकडे असतं. दुसऱ्यात आपण कुठे घाई केली, कुठे उशीर केला ते कळायला लागतं. पण समोरचा असं का खेळतोय हा प्रश्न पडायला तिसरा-चौथा डाव उजाडतो, आणि खरी मजा तिथून सुरू होते. मेंढीकोट वर्षानुवर्षं त्याच भिडूबरोबर खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भिडूने कुठल्या रंगाची उतारी केली एवढ्यावरून त्याच्या हातात काय आहे ते त्याला उमगतं. दर आठवड्याला नवा खेळ काढला की ही वेळ येतच नाही, माणूस कायम पहिल्याच डावात राहतो. कपाट भरलेलं दिसतं ते विक्रीसाठी आणि बदल म्हणून.

कतानमध्ये सुरुवातीची दोन घरं कुठे ठेवावीत?

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कतान हा क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा खेळ. तो दातांच्या कामाचा तंत्रज्ञ होता. खेळ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. पटावर १९ षटकोन असतात: लाकूड, गहू आणि मेंढ्या प्रत्येकी ४, वीट आणि खनिज प्रत्येकी ३, आणि १ वाळवंट. खनिजाला आमच्या टेबलावर सगळे दगडच म्हणतात. वाळवंट सोडून प्रत्येक षटकोनावर आकड्याची चकती. दोन फाशांची बेरीज त्या आकड्याएवढी आली की शेजारी घर असलेल्यांना तो माल मिळतो. १० गुण आधी करेल तो जिंकला.

आता घरं. चकतीवर आकड्याखाली ठिपके असतात, ते मोजा. ६ आणि ८ ला पाच ठिपके, ५ आणि ९ ला चार, ४ आणि १० ला तीन, ३ आणि ११ ला दोन, २ आणि १२ ला एक. दोन फाशांची ३६ दानं होतात, त्यातली किती दानं तुमची ते हे ठिपके सांगतात. घर तीन षटकोनांच्या कोपऱ्यावर बसतं, त्या तिन्हींचे ठिपके मिळवा. लाल आकडे, म्हणजे ६ आणि ८, शेजारीशेजारी येऊ द्यायचे नसतात, त्यामुळे १३ च्या वर कोपरा मिळत नाही. १२ किंवा ११ मिळाला तर उत्तम, ९ च्या खाली सहसा उतरू नका.

पण नुसते ठिपके मोजून भागत नाही. समजा पहिलं घर गव्हाचा ६, दगडाचा ९ आणि मेंढ्यांचा १० यांच्या कोपऱ्यावर बसलं. ठिपके १२. दुसऱ्या घरासाठीही कुठेतरी ६, ९, १० असाच कोपरा रिकामा दिसतोय. तिथेही ठिपके १२ च, मग काय बिघडलं? बिघडलं असं की ३६ पैकी १२ दानांवरच तुम्हाला माल मिळणार, म्हणजे तीन पाळ्यांतून एकदा, आणि मिळेल तेव्हा दुप्पट. त्याऐवजी दुसरं घर ८, ५ आणि ४ वर ठेवलंत तर ३६ पैकी २४ दानं तुमची झाली. हात सतत वाहता राहतो, आणि एकदम ढीगभर पत्ते हातात येऊन सातच्या दानाला अर्धे गमावण्याचा धोका कमी होतो.

मालाची सांगड दुसरी गोष्ट. गहू, दगड आणि मेंढी असेल तर शहरं आणि डेव्हलपमेंट कार्डं (माल देऊन घ्यायची, झाकून ठेवायची कार्डं) ही तुमची वाट: शहराला ३ दगड आणि २ गहू, कार्डाला तिन्ही एकेक. लाकूड आणि वीट असेल तर रस्ते आणि नवी घरं. दोन्ही वाटांनी जिंकता येतं. एकातला अर्धा आणि दुसऱ्यातला अर्धा माल घेऊन बसलेला माणूस मात्र दर पाळीला सौद्याची याचना करतो. आणखी एक बघा: विटांचे आणि दगडांचे तीनच षटकोन आहेत. एखाद्या मांडणीत विटांवर ३, ११ आणि ४ असे आकडे आले तर सगळ्या पटावर विटेचे मिळून सात ठिपके. त्या दिवशी वीट ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळे हात पसरणार. पट मांडून झाल्यावर घर ठेवण्याआधी प्रत्येक मालाचे ठिपके एकदा मोजायची सवय लावा. मिनिटभराचं काम आहे.

राहिला रस्ता. नवखे खेळाडू पहिला रस्ता पटाच्या मध्याकडे वळवतात, कारण चांगले कोपरे तिकडे दिसतात. पण चौघांच्या डावात घरं १-२-३-४ आणि मग ४-३-२-१ या क्रमाने ठेवली जातात, तेवढ्यात मधले कोपरे भरून जातात आणि तुमचा रस्ता दुसऱ्याच्या दारात जाऊन संपतो. रस्ता किनाऱ्याकडे, शक्य तर बंदराकडे वळवा. तुमच्याकडे गव्हाचा ६ असेल आणि गव्हाचं २:१ बंदर (दोन गहू देऊन हवा तो एक पत्ता) दोन रस्त्यांवर असेल, तर ते तिसऱ्या घरासाठी पटावरच्या बहुतेक कोपऱ्यांहून चांगलं.

सातचं दान पडलं की माझेच पत्ते का जातात?

कारण पाळी संपवताना तुमच्या हातात आठ किंवा जास्त पत्ते असतात. सातची ३६ पैकी ६ दानं, म्हणजे दर सहा दानांत एक. चौघांच्या डावात पाळी संपवल्यापासून पुन्हा खर्च करता येईपर्यंत चार दानं पडतात: तीन इतरांची आणि एक तुमचं. या चारांत निदान एक सात पडण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के आहे. म्हणजे आठ पत्ते धरून ठेवणारा माणूस नाणं उडवण्यापेक्षाही वाईट पैज घेतोय.

म्हणून सातच्या वर गेलात की काहीतरी करून खाली या. रस्ता बांधा, कार्ड घ्या, नाहीतर बँकेला चार देऊन एक घ्या. 'पुढच्या पाळीला शहर होईल' म्हणून थांबायचं ते हातात सात असताना, नऊ असताना नव्हे.

सौदा कुणाशी करावा? मी कुणालाच काही देत नाही, तरी हरतो.

म्हणूनच हरता. चौघांत दोघांनी सौदा केला की दोघंही पुढे जातात आणि बाकीचे दोघं जागेवर राहतात. सगळ्यांना नकार देणारा दर वेळी त्या मागे राहिलेल्यांत असतो.

काय मिळतंय ते सगळेच बघतात. समोरच्याला आपण दिलेल्या पत्त्याने आत्ता, याच पाळीत काय बांधता येईल ते बघायला शिका. पत्ते झाकलेले असले तरी कुणाला कुठल्या दानावर काय मिळालं ते सगळ्यांसमोर होतं. शेवटच्या दोन फेऱ्या लक्षात ठेवल्या तरी पुरे. समोरच्याकडे लाकूड, गहू आणि मेंढी आहे हे आठवत असेल तर त्याला वीट देणं म्हणजे घर बांधून देणं. ते घर तुमच्या वाटेवर येणार असेल तर नाही म्हणा, पटाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर वीट महाग विका. दोन पत्ते मागा, मिळतात.

आठ गुण दिसणाऱ्याशी सौदे बंद करा. २५ डेव्हलपमेंट कार्डांत ५ कार्डं एकेका गुणाची असतात, त्याच्या झाकलेल्या कार्डांत एखादं असू शकतं.

चोर कुणावर ठेवावा?

सात पडलं की चोर हलवायचा असतो, आणि तो ज्या षटकोनावर बसतो तिथला माल कुणाला मिळत नाही. म्हणून पुढे असणाऱ्याच्या सर्वाधिक ठिपक्यांच्या षटकोनावर. तुमच्यावर मघाशी ज्याने ठेवला त्याच्यावर नव्हे. राग समजतो, पण तिसऱ्या नंबरच्या माणसाला अडवून पहिल्या नंबरचा मोकळाच राहतो. शिवाय ज्याच्याकडून तुम्ही नेहमी दगड घेता त्याचाच दगड अडवू नका.

आणि एक बारकावा. नाइटचं कार्ड, म्हणजे चोर हलवायचं डेव्हलपमेंट कार्ड, फासे टाकण्याच्या आधीही खेळता येतं. चोर तुमच्या ८ वर बसलेला असेल तर आधी त्याला हलवा, मग फासे टाका. कार्ड विकत घेतलं त्याच पाळीत मात्र खेळता येत नाही, त्यामुळे एक नाइट कायम तयार असावा. २५ पैकी १४ कार्डं नाइटचीच आहेत, मिळायला अवघड नाही.

आधी सगळ्यांना गहू विकला आणि मग मक्तेदारीचं कार्ड काढून सगळा परत घेतला. ही फसवणूक नाही का?

नियमात बसतं. आमच्या टेबलावर ही चाल चालते आणि चांगली जमली तर दादही मिळते. 'पुढच्या पाळीला तुला वीट देतो' असं दिलेलं वचनही नियमाने बांधील नाही, सौदा हातोहात व्हायला हवा. पण तुम्ही महिनाभर त्याच माणसांबरोबर बसणार आहात. ज्याने शब्द मोडला त्याला पुढच्या शनिवारी वीट स्वस्तात मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. शब्द पाळणाऱ्याला सौदे लवकर मिळतात, हा महिनाभर चालणारा डावपेच आहे.

नियमात न बसणाऱ्या गोष्टी वेगळ्या: बँकेतून जास्त पत्ता उचलणं, दुसऱ्याचे पत्ते डोकावून बघणं. त्यासाठी सरळ टेबलावरून उठवतो.

शेवटी सगळं फाशांवरच आहे ना?

एका डावात फासे बरंच काही ठरवतात. साठ दानांच्या डावात ६ सरासरी आठ वेळा पडायला हवा, पण प्रत्यक्षात चार वेळा पडला किंवा बारा वेळा पडला तरी त्यात नवल काही नाही. महिनाभर खेळलात की फळ्यावर तीच ती नावं वर दिसायला लागतात. फासे त्यांनाही तुमच्यासारखेच पडलेले असतात.

तिकीट टू राइड सोपा वाटतो, पण गुण कमी पडतात. काय चुकतं?

ॲलन मून यांचा हा २००४ चा खेळ. मार्गाच्या रंगाचे पत्ते देऊन अमेरिकेच्या नकाशावर रेल्वेचे डबे मांडायचे आणि तिकिटांवरची गावं जोडायची. प्रत्येकाकडे ४५ डबे. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचला १० आणि सहाला १५. सहाच्या मार्गावर एक डबा अडीच गुण कमावतो, एकाच्या किंवा दोनच्या मार्गावर एकच. नवखे खेळाडू तिकीट पुरं करायच्या घाईत छोटे छोटे मार्ग जोडत जातात, डबे संपतात आणि गुण तिथेच राहतात. गावं जोडायला थोडी लांबची वाट पडली तरी चालेल, मोठे मार्ग धरा.

छोटा मार्ग घाईने घ्यायचा तो फक्त जिथे वाट अरुंद आहे तिथे. नॅशव्हिल ते अटलांटा एकच डबा आणि एकच मार्ग आहे, दुहेरी नाही. तुमचं तिकीट तिथून जात असेल तर तो पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच घ्या. एका पत्त्याचं काम, पण दुसऱ्याने घेतला तर वळसा केवढा पडतो ते नकाशावर बोट फिरवून बघा.

इंजिनाचा पत्ता कुठल्याही रंगाला चालतो. ११० पत्त्यांत १४ इंजिनं. उघडं इंजिन उचललं तर त्या पाळीत दुसरा पत्ता मिळत नाही, म्हणून हवा तो रंग समोर नसेल तेव्हा झाकलेल्या गठ्ठ्यातून दोन उचलणं बरं. दर आठेक पत्त्यांत एक इंजिन तसंही येतं. आणि तिसऱ्या-चौथ्या पाळीपासून इतरांच्या डब्यांवर नजर ठेवा. कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की प्रत्येकाला एकच पाळी मिळते आणि डाव संपतो, न जमलेल्या तिकिटाचे गुण वजा होतात.

याचा भारताचा नकाशाही आहे. दुकानात प्रत आहे, मागून घ्या.

कोडनेम्समध्ये इशारा देताना डोकं चालत नाही.

पंचवीस शब्द, पहिल्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, सात तटस्थ आणि एक मारेकरी, जो उचलला की डाव हरलात. इशारा म्हणजे एक शब्द आणि किती शब्द ओळखायचे तो आकडा, त्यावरून भिडूंनी आपले शब्द ओळखायचे. बहुतेक जण आपले शब्द बघून इशारा शोधतात. आधी मारेकऱ्याचा शब्द बघा आणि त्याच्याजवळ जाणारं सगळं बाद करा. मग दोन शब्दांचा साधा इशारा द्या. चार-चार शब्द एका इशाऱ्यात गुंफायचा मोह होतो, पण भिडू बिचारा तिसऱ्यालाच चुकतो. मागच्या इशाऱ्यातला राहिलेला शब्द भिडूंच्या लक्षात असतो, आणि सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त शब्द ओळखायची मुभा असते, तिचा उपयोग करा. इशारा मराठीत दिला तरी आम्हाला चालतो, फक्त डाव सुरू होण्याआधी दोन्ही संघांनी ठरवून घ्या.

सगळे मिळून खेळायच्या खेळात एकच जण सगळ्यांच्या चाली ठरवतो. काय करायचं?

पँडेमिक खेळताना हे हमखास होतं. मॅट लीकॉक यांचा हा २००८ चा खेळ. चार रोगांवर औषध शोधायचं, सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात. ज्याने आधी खेळलेला आहे तो नकळत सूत्रं हातात घेतो. आमचा नियम असा: ज्याची पाळी तो आधी बोलतो, स्वतःचा बेत सांगतो, मग इतरांनी मत द्यायचं, आणि शेवटचा शब्द पाळी असलेल्याचा. त्याने चूक केली तर करू द्या. अनुभवी माणसाला हे जड जातं, पण नवीन माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो तो स्वतः खेळायला मिळालं म्हणून.

शुक्रवारी पत्ते खेळतात म्हणजे पैसे लावून का?

नाही. हा प्रश्न पालकांकडून येतो आणि तो रास्त आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दुकानात कुठल्याही खेळावर पैसे लावायला सक्त मनाई आहे, गमतीतसुद्धा. शुक्रवारी 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ असतो. रिचर्ड गारफिल्ड यांनी तो १९९३ साली आणला, आणि २००० पासून जगभरातल्या दुकानांत शुक्रवारची रात्र त्यासाठी राखलेली असते. जे पैसे घेतले जातात ते पाकिटांचे, आणि पाकिटातले पत्ते तुमचेच राहतात.

ड्राफ्ट म्हणजे काय? माझ्याकडे पत्तेच नाहीत.

ड्राफ्टला पत्ते घेऊन यायचेच नसतात. शक्यतो आठ जण गोल बसतात, प्रत्येकाला तीन पाकिटं. पहिलं फोडायचं, एक पत्ता ठेवायचा, उरलेले डावीकडे द्यायचे, उजवीकडून आलेल्यातून पुन्हा एक. दुसरं पाकीट उजवीकडे फिरतं, तिसरं परत डावीकडे. मग त्यातून ४० पत्त्यांचा गठ्ठा बांधायचा: साधारण १७ जमिनी (बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ताकद देणारे पत्ते) आणि २३ बाकीचे. जमिनी दुकानातून मिळतात.

पहिले दोन-तीन पत्ते रंग न बघता जो ताकदवान असेल तो घ्या. पाचव्या-सहाव्या पत्त्याला थांबून बघा की कुठल्या रंगाचा चांगला पत्ता अजून फिरत आला आहे. तो रंग उजवीकडचे लोक घेत नाहीत, तुम्ही घ्या. दोन रंगांवर थांबा. तिसरा रंग मिसळला की हातात पत्ते असून जमीन नसते. आणि १७ जमिनी जास्त वाटतात म्हणून १४ वर आणू नका. सुरुवातीच्या सात पत्त्यांत सरासरी तीन जमिनी याव्यात एवढाच तो हिशोब आहे.

सामने स्विस पद्धतीने होतात. हरलात तरी बाहेर पडत नाही, पुढच्या फेरीत साधारण तुमच्याइतकेच सामने जिंकलेला माणूस समोर येतो. एक फेरी ५० मिनिटांची, तीनपैकी दोन डाव जिंकायचे.

डी अँड डी असतं का?

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ. महिन्यातून दोन रविवारी असतं. एका बैठकीत संपणारी गोष्ट असते, म्हणून कधीही सामील होता येतं. पात्रं तयार ठेवलेली असतात, वीस बाजूंचा फासा आमच्याकडे मिळतो. मराठीत बोललात तर कथा जास्त रंगते, असा आमचा अनुभव आहे.

खेळायला इंग्रजी यावं लागतं का?

कतान, अझुल आणि तिकीट टू राइड यांत वाचायला जवळजवळ काही नाही, नियम मराठीतून समजावतो. मॅजिकच्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर बराच असतो, तिथे शेजारचा वाचून अर्थ सांगतो. आजी-आजोबांना घेऊन या. रमी आणि ब्रिज खेळलेली पिढी पडलेले पत्ते लक्षात ठेवण्यात आमच्या कॉलेजच्या पोरांना सहज मागे टाकते.

मुलं कितव्या वर्षापासून चालतात?

तिकीट टू राइड आणि अझुल आठपासून, कतान दहापासून. डब्यावर तेच लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. बारापर्यंतच्या मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवं, आणि त्या माणसानेही खेळायला बसावं. मुलाच्या मागे उभं राहून चाली सांगू नका.

खाणं-पिणं टेबलावर चालतं का?

पाणी झाकणाच्या बाटलीतून चालतं. चहा आणि वडापाव बाहेरच्या बाकावर, मग हात धुऊन, पुसून आत. तेलाचं एक बोट लागलं की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो आणि सगळा गठ्ठा बाद होतो. महागड्या खेळांच्या पत्त्यांना आम्ही स्लीव्ह घालतो, तरीही.

कुणी एका चालीला दहा मिनिटं लावतो. चाल परत घेता येते का?

पुढच्याने फासे टाकेपर्यंत किंवा पत्ता उचलेपर्यंत चाल परत घेता येते, नंतर नाही. वेळ लावणाऱ्याला घाई करू नका. टेबल चालवणारा त्याला विचारतो, 'कुठल्या दोन चालींमध्ये अडलायस?' दोन नावं घेतली की निर्णय पटकन होतो. नवीन माणसाला पहिल्या महिन्यात ही सूट असते. जुन्यांसाठी वाळूचं घड्याळ आहे.

स्वतःचा खेळ आणला तर?

जरूर आणा. नियम तुम्हाला नीट येत असावेत आणि सामान मोजून आणा, मोजून न्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली प्रती मात्र मांडत नाही. त्यांचे पत्ते पातळ असतात, पाठीचे रंग जुळत नाहीत, फाशांचा भरवसा नसतो. आणि ज्याने खेळ बनवला त्याला त्यातला एक रुपयाही जात नाही, हे आम्हाला मान्य नाही. खेळ परवडत नसेल तर दुकानातली प्रत आठवडाभर भाड्याने न्या.

फी किती?

माणशी, संध्याकाळभराची. चालू दर काउंटरवरच्या फळ्यावर असतो. पहिल्यांदा येणाऱ्याला फी नाही. खेळ विकत घेतलात तर त्या दिवशीची फी बिलातून वजा होते.

दहा वाजले आणि डाव अर्धाच राहिला तर?

मोठा खेळ साडेआठनंतर सुरू करत नाही. त्याआधी सुरू झालेला डाव पावणेदहाला शेवटच्या फेरीवर आणतो: पहिला खेळाडू जो होता तिथपर्यंत फेरी पुरी करायची आणि तेव्हा ज्याचे गुण जास्त तो जिंकला. कतानमध्ये झाकलेली गुणांची कार्डंही उघडून मोजायची. बरोबरीत असाल तर फळ्यावर दोघांची नावं लागतात. सामान डब्यात भरून, पत्ते मोजून, खुर्च्या लावूनच निघा. शेवटच्या बसची घाई असेल तर आधीच सांगा, तुमचं टेबल आधी आवरतो.